नडगी, कंबर, खांदा: ड्रमसेट अंगाला कसा बसवायचा

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. उंची पाच फूट दोन इंच, बरीच वर्षं तबला वाजवलेला, आणि यंदा नवरात्रात बडोद्यातल्याच बायकांच्या गरबा-ग्रुपमध्ये ड्रमवर बसायचं आहे. सेट जुना घेतलेला, पाच ड्रमचा: २२ इंची बेस (पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम), त्यावर १२ आणि १३ चे टॉम, बाजूला पायांवर उभा १६ चा फ्लोअर टॉम, आणि गुडघ्यांसमोर १४ चा स्नेअर. बसायला घरातली प्लास्टिकची खुर्ची. अर्ध्या तासात उजवी नडगी भरून येते, तासाभरात कंबर धरते, उजवा खांदा दुसऱ्या दिवशीही जड असतो आणि बेस ड्रम वाजवता वाजवता पुढे सरकत जातो. सराव कमी पडतोय की वय आडवं येतंय, असं तुम्ही विचारलंय.

सराव आणि वय दोन्ही बाजूला ठेवा. तुमच्या चारही तक्रारी सेट लावण्यातल्या आहेत, आणि कुठे दुखतंय यावरून कुठला स्क्रू फिरवायचा हे बऱ्यापैकी सांगता येतं. नडगी म्हणजे पेडल आणि बैठक, कंबर म्हणजे बैठक, खांदा म्हणजे हाय-हॅट (डाव्या पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) किंवा राइड (उजवीकडची मोठी झांज). आपल्याकडे सेट उलट्या बाजूने लावतात: आधी बेस ड्रम मध्यावर, श्रोत्यांकडे तोंड करून, मग त्यावर टॉम, मग जागा उरेल तिथे स्नेअर, आणि शेवटी वाजवणारा कुठेतरी कोंबून बसतो. तबल्याला बसताना आपण आधी मांडी घालतो आणि मग डग्गा-तबला जवळ ओढून कलता करतो. इथेही तोच क्रम पाळायचा आहे.

तेव्हा सेट सगळा मोकळा करा. खोलीत फक्त बैठक ठेवा.

प्लास्टिकची खुर्ची आजच बाद. गरब्याच्या मांडवात मंडपवाला हमखास तीच आणून ठेवतो, म्हणून तिची सगळ्यांना सवय झाली आहे. तिचे दोष दोन. बसण्याची जागा मागे उतरती असते, त्यामुळे माकडहाड आत वळतं आणि कंबरेचा खालचा भाग गोल होतो. दुसरं, हात टेकायच्या दांड्या कोपरांना लागतात, म्हणून माणूस नकळत कोपरं वर उचलून वाजवतो आणि खांदा कामाला लागतो. ड्रमचं स्टूल घ्या, गोल किंवा पुढे खाच असलेलं, कसलंही चालेल. त्याचे पाय दुहेरी पट्टीचे असावेत आणि उंची आट्याने फिरवून बदलणारी असावी. भोकात खिळा घालून उंची ठरवायची जी स्टुलं असतात त्यांत एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत बरंच अंतर असतं, आणि तुम्हाला हवी ती उंची नेमकी दोन भोकांच्या मधे येते. सेटवर जो खर्च करायचा असेल त्यातला पहिला स्टुलावर करा. सिंबल, म्हणजे झांजा, जुने असले तर चालतं. डुगडुगणारं स्टूल मात्र चालत नाही, कारण तोल सांभाळायला पाठीचे स्नायू सतत आवळलेले राहतात.

उंची अशी ठरवा. ज्या पादत्राणात वाजवणार तेच घाला. उभं राहून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची मोजा. तुमच्या उंचीला ती साधारण ४० सेंमीच्या आसपास येईल. त्यात ६ ते ८ सेंमी मिळवा आणि तिथून सुरुवात करा. गादी वजनाने दबते, म्हणून मोजमाप बसलेलं असताना तपासायचं. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती दिसली पाहिजे, आणि मांडी व पोटरीमधला कोन काटकोनापेक्षा थोडा मोकळा, १०० ते ११० अंशांच्या दरम्यान. मांडी सपाट किंवा गुडघा वर असेल तर प्रत्येक ठोक्याला आख्खा पाय चढावर उचलावा लागतो. हे उचलण्याचं काम करणारा मुख्य स्नायू कंबरेच्या मणक्यांना आतून धरलेला असतो. तासाभराने कंबर धरते ती इथून. खूप उंच बसलात तर उलटा त्रास: वजन पायांवर जातं आणि पेडल सोडताना तोल जातो. स्टुलाच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागावर बसा, कडेवर नको, मांडीखालची शीर दाबते.

आता तबलावादकांचं एक खास दुखणं. वर्षानुवर्षं मांडी घालून बसल्यामुळे तुमची पाठ स्थिर आहे, मनगटं आणि बोटं तर आमच्यापेक्षा कितीतरी तयार आहेत. पण पायांनी आजवर काहीच वाजवलेलं नाही. डाव्या हाताच्या डग्ग्याचं काम इथे एकदम उजव्या पायावर येतं. खरं तर पायाने बेस वाजवणं हे ड्रमच्या इतिहासातही नंतरचंच आहे. आधी एकच माणूस हातातल्या काठ्यांनीच स्नेअर आणि बेस दोन्ही वाजवायचा, अमेरिकेत लडविग बंधूंनी १९०९ मध्ये चांगलं चालणारं पेडल बाजारात आणलं आणि मग हात मोकळे झाले. त्यामुळे पायाला वेळ द्या, पण पेडल नीट लावून द्या.

स्टुलावर बसून डोळे मिटा, पाय दोनदा-तीनदा आपटा आणि सहज पडतील तिथे ठेवा. डोळे उघडून बघा: दोन्ही पाय थोडे बाहेरच्या दिशेला, इंग्रजी व्हीसारखे पसरलेले असतील. खडूने पावलांभोवती रेघ मारा. उजव्या रेघेवर बेसचं पेडल, डाव्या रेघेवर हाय-हॅटचं. गुडघा ज्या दिशेला, पेडल त्याच दिशेला, त्यामुळे बेस ड्रम श्रोत्यांकडे सरळ न बघता थोडा उजवीकडे तिरका होईल. होऊ द्या. ग्रुपमधलं कोणी म्हणेल की समोरचं नाव तिरकं दिसतं, तर नाव तिरकं चिकटवा, पेडल सरळ करू नका. पाऊल पेडलवर ठेवल्यावर घोटा गुडघ्याच्या बरोबर खाली किंवा चार बोटं पुढे असावा. घोटा गुडघ्याच्या मागे आला तर तुम्ही फार जवळ बसल्या आहात.

नडगीचं दुखणं इथेच सुटतं. पाऊल वर उचलणारा स्नायू नडगीच्या पुढच्या बाजूला असतो. जवळ बसलं की घोटा आधीच मुडपलेला असतो, आणि टाच टेकवून वाजवताना तो स्नायू एकदाही पूर्ण सैल होत नाही. त्यात पेडलची स्प्रिंग अति सैल ठेवली असेल तर बीटर (बेसवर ठोका देणारा पेडलचा दांडा) परत आणायचं कामही त्याच्यावरच पडतं, आणि अति घट्ट असेल तर दाबून ठेवायला पोटरी राबते. तपासायची रीत सोपी आहे. पाय पेडलवर नुसता ठेवा, दाबू नका. पायाच्या वजनाने बीटर पुढे येऊन हेडच्या (ड्रमच्या ताणलेल्या पडद्याच्या) बोटभर अलीकडे थांबला पाहिजे. हेडला जाऊन चिकटला तर स्प्रिंग सैल आहे, जागचा हललाच नाही तर घट्ट आहे. मग पाय काढून बीटर बोटाने मागे ओढून सोडा. तो बराच वेळ झुलत राहिला तर ठीक. दोन हेलकाव्यांत थांबला तर सांध्यात कचरा आहे, पुसून शिलाईमशीनचं तेल थेंबभर घाला. जुन्या सेटमध्ये हे फार वेळा सापडतं आणि लोक उगाच पायाला दोष देतात. बीटरची सुरुवातीची तिरपाई साधारण ४५ अंशांवर ठेवा. ती वाढवली की आवाज वाढतो पण प्रत्येक ठोक्याला जास्त अंतर तोडावं लागतं, गरब्याच्या वेगात ते महागात पडतं. लांबी अशी, की बीटरचं डोकं हेडच्या मध्यावर किंवा किंचित वर लागेल.

टाच टेकवून की उचलून, यावर वाद घालणारे घालोत. तीन-चार तास बसायचं असेल तर दोन्ही यायला हवं. हळू चालीत टाच टेकवा, चाल चढली की उचला. स्नायू आलटून-पालटून विसावतात.

बेस सरकतो त्याचं कारण दोन पुढच्या टेकूंमध्ये आणि सतरंजीत आहे. टेकूच्या टोकाला रबर असतं, ते मागे फिरवलं की आतून अणकुचीदार टोक निघतं. फरशीवर रबर, सतरंजीवर टोक. दोन्ही टेकू सारखे बाहेर काढा, बेसची पुढची कड जमिनीपासून दोन-तीन सेंमी उचलली गेली की पुरे. फार उचललं तर पेडलकडची कड वाकडी बसते आणि पेडल पकडत नाही. आणि मुख्य गोष्ट: सतरंजी एवढी मोठी घ्या की तुमचं स्टूलही तिच्यावरच येईल. मग सतरंजी तुमच्याच वजनाने दबून राहते आणि बेस तिला ओढून नेऊ शकत नाही. नुसत्या बेसखाली तुकडा घातलात तर तुकड्यासकट बेस चालू लागेल. दोन-बाय-दीड मीटरचा मागून रबर असलेला गालिचा सगळ्यात उत्तम.

पाय बसले. आता स्नेअर दोन गुडघ्यांच्या मधोमध आणा. रिम, म्हणजे ड्रमची वरची कड, मांडीच्या वर चार-पाच बोटं, म्हणजे बेंबीच्या थोडी खाली. हात अंगालगत सोडा, कोपरं तिथेच ठेवून पुढचे हात उचला, स्टिकची टोकं हेडच्या मध्यावर यायला हवीत. कोपर पुढे न्यावं लागलं तर स्नेअर लांब आहे. मनात नसताना रिमला काठी लागून फटकन आवाज येत असेल तर स्नेअर उंच आहे किंवा पलीकडे कलला आहे. मनगट मांडीवर आपटत असेल तर खाली आहे. सपाट ठेवा किंवा अगदी थोडा स्वतःकडे कलता. तबल्याचा जो कल तुमच्या हाताला ठाऊक आहे तो इथे आणू नका. तिथे बोटं वाजवतात आणि कल तळहाताला आधार देतो. इथे सोळा इंचांची काठी आहे आणि तिला उसळायला सपाट जागा लागते. स्टँडची टोपली जेमतेम आवळा, कचकचीत आवळली तर आवाज कोंडतो.

उसळीवरून आठवलं. आराम हा निम्मा हेडच्या ताणातही असतो. टॉमची हेड ढिली असतील तर काठी परत येत नाही, ती प्रत्येक वेळी मनगटाने उपटावी लागते. चावीने समोरासमोरच्या आट्यांना अर्धा-अर्धा वळसा देत ताण वाढवा, आणि काठी दोन-तीनदा आपोआप उसळेपर्यंत आणा. तबल्याची पुडी हातोडीने जशी घराघरावर सारखी करता तसाच कान इथे लावायचा, रिमच्या जवळ प्रत्येक आट्यापाशी बोट टिचकवून. एक सुख आहे: ही हेड पॉलिएस्टरची असतात, भादव्यातल्या दमट हवेत चामड्यासारखी उतरत नाहीत. खोल, घुमणारा आवाज हवा म्हणून हेड लोळवून ठेवायची फॅशन आहे. रेकॉर्डिंगला ती ठीक, रात्रभर वाजवणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

हाय-हॅट. उजवा खांदा बहुतेक इथे दुखतोय. वरच्या सिंबलची कड स्नेअरच्या रिमपेक्षा १५ ते २० सेंमी वर असावी. कमी ठेवली तर खालून वाजणारा डावा हात उजव्या हाताला धडकतो, जास्त ठेवली तर उजवं कोपर फासळ्यांपासून सुटतं आणि गाणं संपेपर्यंत हवेत टांगलेलं राहतं. गरब्यात उजवा हात हाय-हॅटवर जवळजवळ अखंड चालतो, त्यामुळे एक-दोन इंचांचा फरकसुद्धा मध्यरात्रीपर्यंत वसूल होतो. आधी २० सेंमीवर ठेवा आणि हात एकमेकांना लागेपर्यंत रोज थोडं खाली आणा. दोन सिंबलमधलं अंतर साधारण दोन सेंमी. जास्त असेल तर डावा पाय विनाकारण राबतो. हात ओलांडून वाजवायची ही पद्धत मुळात अडचणीचीच आहे. हाय-हॅटची पूर्वज जोडी १९२० च्या दशकात नडगीच्या उंचीला असायची आणि फक्त पायाने वाजायची, पुढे तिची नळी लांब होत वर आली, पण जागा डाव्या पायाचीच राहिली. डाव्या हाताने हाय-हॅट वाजवून हात मोकळे ठेवणारे बिली कॉबम आणि सायमन फिलिप्ससारखे मोठे वादक आहेत. तुमचा डग्ग्याचा हात तयार आहे, सवडीने करून बघा. मात्र यंदाच्या नवरात्राच्या तोंडावर नको.

आता टॉम, आणि इथे माझं मत ठाम आहे: १३ चा टॉम काढून टाका. हिशोब बघा. २२ इंची बेस म्हणजे ५६ सेंमी उंच. त्यावर दोन-चार सेंमी फट आणि ८ किंवा ९ इंच खोल टॉम, म्हणजे रिम ८० सेंमीच्या आसपास गेली. तुमचा स्नेअर असेल ६५ ते ६८ वर. दोन टॉम शेजारी-शेजारी बसवले की उजवीकडचा तुमच्यापासून हातभर लांब जातो, तो गाठायला पाठ पुढे वाकते, आणि राइड त्याच्याही पलीकडे ढकलली जाते. चित्रात दिसतात म्हणून पाचही ड्रम लावायचे, हा हट्ट कशाला? बीटल्सच्या रिंगो स्टारने त्या बँडमधली बहुतेक वर्षं आणि रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सने कारकिर्दीचा मोठा काळ चारच ड्रमवर काढला. १२ चा टॉम स्नेअरच्या थेट समोर आणा, रिमचा कल स्वतःकडे थोडासाच. खूप उभा केला तर काठीचं टोक हेडमध्ये रुततं, हेडला खळगे पडतात आणि उसळी मरते. सपाट ठेवला तर जवळची रिम आडवी येते. दोन्हींच्या मधे, पुस्तक वाचायला धरतो त्याहून बराच कमी कल.

मोकळ्या झालेल्या जागी गरब्यासाठी ऑक्टापॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) येतो, आणि तुमच्या ग्रुपला तो लागणारच, ढोलाचे आणि टाळ्यांचे आवाज त्यातूनच काढतात. त्याला बेसवर न टेकवता स्वतंत्र स्टँड द्या, उंची १२ च्या टॉमइतकी. ऑक्टापॅड नसेल त्या दिवशी तिथे राइड आणा, कोपर अंगाजवळ राहील इतकी आत.

फ्लोअर टॉमची रिम स्नेअरच्या बरोबरीने किंवा इंचभर खाली, उजव्या मांडीपासून वीतभर दूर, तीन पायांपैकी एकही पेडलच्या वाटेत नाही ना बघा. क्रॅश (ठसक्याला एकदाच मारायची झांज) कोपर थोडं वाकलेलं असतानाच हाताला यावी, कड किंचित स्वतःकडे झुकलेली, म्हणजे काठी कडेवर सपकन घासून जाते. सपाट उंच टांगलेल्या सिंबलला समोरून मारलं तर तोही तडकतो आणि मनगटालाही हिसका बसतो. वरचा नट सैल ठेवा, सिंबल झुलला पाहिजे. मधली प्लास्टिकची नळी गेली असेल तर आधी ती घाला, धातूवर धातू घासून भोक मोठं होतं.

जुन्या स्टँडचे पाइप घसरत असतील तर नवीन स्टँड घ्यायची घाई नको. हार्डवेअरच्या दुकानातली होज क्लिप ठरलेल्या उंचीला पाइपवर आवळून टाका, पाइप खाली सरकणार नाही आणि दर वेळी तीच उंची मिळेल. पाइपच्या तोंडातलं प्लास्टिकचं बुश झिजलं असेल तर मकरपुऱ्याला जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवाल्याकडे नमुना घेऊन जा, नायलॉनचं करून देतील.

हे सगळं लावल्यावर आठवडाभर रोज वीस-पंचवीस मिनिटं वाजवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन स्क्रू एकदम फिरवले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. नडगीचा थकवा आठवड्याभरात ओसरायला हवा. बोटांना मुंग्या, बधिरपणा किंवा रात्री झोपेत मनगट दुखणं असं काही असेल तर सेटशी खेळत न बसता डॉक्टरांना दाखवा. कानात बोळे घाला, फ्लॅटच्या खोलीत तर नक्कीच. आवाज कमी झाला की माणूस खांदे आपोआप सोडतो, हे मी विद्यार्थ्यांत नेहमी बघतो.

नवरात्रासाठी शेवटचं. सेट मनासारखा लागला की गालिच्यावर प्रत्येक स्टँडच्या पायाशी, दोन्ही पेडलच्या टाचेशी आणि स्टुलाच्या तिन्ही पायांशी रंगीत कापडी टेप चिकटवा, प्रत्येक वस्तूला वेगळा रंग. मांडवात गालिचा अंथरला की दहा मिनिटांत सेट लागतो. फळ्यांचं स्टेज नाचतं, तेव्हा गालिचा दोन फळ्यांच्या सांध्यावर नको, स्टुलाचा पाय फटीत जातो. दुसऱ्याच्याच सेटवर बसायची वेळ आली तर फक्त तीन गोष्टी बदलायची परवानगी मागा: स्टूल, स्नेअरची उंची, हाय-हॅटची उंची. टॉम आहेत तसे सोसा आणि कमी वाजवा, गरब्याचं काही अडत नाही. आणि चणिया-चोळी घालून बसणार असाल तर चणियाचा घेर उजव्या बाजूने गोळा करून मांडीखाली दाबा, आत लेगिंग घाला, आरशांची जड किनार पेडलपासून दूर ठेवा. ती साखळीत अडकली तर गाणं थांबवूनच सोडवावी लागते. रंगीत तालमीला एकदा तोच पोशाख घालून पूर्ण वेळ वाजवून बघा.